प्रथिनांच्या वळणांचा नकाशा रेखाटणारे मद्रासचे जी. एन. रामचंद्रन

चेन्नई : सजीवांच्या शरीरातील प्रत्येक प्रथिन तयार होते ते अमिनो आम्लांच्या एका लांब साखळीच्या रूपात. परंतु या साखळीला वळणे आणि घड्या पडून तिला ठरावीक त्रिमितीय आकार आल्याखेरीज बहुतेक प्रथिने कामाला लागत नाहीत. रक्तातून प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन, अन्न पचविणारी विकरे, रोगजंतूंशी झुंजणारी प्रतिपिंडे, त्वचा आणि हाडे बांधून ठेवणारे कोलॅजेन या सर्वांचे गुणधर्म त्यांच्या आकारावर अवलंबून असतात. ही साखळी कोणत्या दिशेने वळू शकते आणि कोणत्या दिशेने वळूच शकत नाही, याचा नेमका नकाशा १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या गिंडी परिसरातून जगापुढे आला. तो तयार करणाऱ्या तिघा संशोधकांचे प्रमुख होते प्रा. गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन. आज जीवरसायनशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात तो ‘रामचंद्रन आलेख’ या नावाने आढळतो.

या आलेखाचा जन्म एका आक्षेपातून झाला. रामचंद्रन यांनी त्यापूर्वी मांडलेल्या कोलॅजेनच्या रचनेत अणू एकमेकांच्या फाजील जवळ आले आहेत, असे परदेशातील नामवंत शास्त्रज्ञांनी दाखवून दिले होते. अणू किती जवळ आले म्हणजे फाजील जवळ, हा प्रश्न मात्र तोवर कोणी पद्धतशीरपणे सोडविला नव्हता. रामचंद्रन यांनी वाद घालत बसण्याऐवजी तो प्रश्नच मोजणीला घेतला, आणि एका प्रथिनापुरत्या वादातून सर्व प्रथिनांना लागू पडणारा नियम हाती आला.

गणिताचा वारसा

रामचंद्रन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी तत्कालीन कोचीन संस्थानातील एर्नाकुलम येथे झाला. तिरुनेलवेली जिल्ह्यातील गोपालसमुद्रम हे घराण्याचे मूळ गाव. वडील नारायण अय्यर हे एर्नाकुलमच्या महाराजा महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते आणि पुढे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. गणिताची गोडी मुलाला घरातूनच लागली. पुढे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि वैद्यकातील प्रतिमाशास्त्र अशा अनेक क्षेत्रांत त्यांनी संचार केला. तथापि, समोरचा प्रश्न भूमितीच्या आणि समीकरणांच्या भाषेत मांडून पाहण्याची त्यांची सवय अखेरपर्यंत कायम राहिली.

तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ते १९४२ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले. प्रवेश घेतला होता तो विद्युत अभियांत्रिकीच्या विभागात. संस्थेत त्या वेळी भौतिकशास्त्र विभागाची धुरा नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे होती. या विद्यार्थ्याची बुद्धिमत्ता रामन यांच्या लक्षात येण्यास वेळ लागला नाही आणि त्यांनी रामचंद्रन यांना आपल्या विभागात ओढून घेतले. स्फटिकांतून जाणारा प्रकाश, हिऱ्याची अंतर्रचना आणि क्ष-किरण हे त्यांच्या सुरुवातीच्या संशोधनाचे विषय होते. मद्रास विद्यापीठाने १९४७ मध्ये त्यांना डी. एस्सी. ही पदवी प्रदान केली.

देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी ते केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत गेले. सर लॉरेन्स ब्रॅग हे तेथील प्रमुख होते. क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकातील अणूंची मांडणी ओळखण्याची विद्या ब्रॅग पिता-पुत्रांनीच उभी केली होती. रामचंद्रन यांनी तेथे डब्ल्यू. ए. वूस्टर यांच्याबरोबर स्फटिकांच्या लवचिकतेवर काम केले आणि १९४९ मध्ये पीएच. डी. घेऊन ते बंगळूरला परतले. केंब्रिजमध्ये असताना त्यांना अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांची व्याख्याने ऐकावयास मिळाली. रेणूंच्या प्रतिकृती हाताने जुळवून रचना ओळखण्याची पॉलिंग यांची रीत पुढे मद्रासमध्ये त्यांच्या उपयोगी पडली.

गिंडीतील विभाग

मद्रास विद्यापीठाचे तत्कालीन कुलगुरू डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांना विद्यापीठात भौतिकशास्त्राचा नवा विभाग उभारावयाचा होता. त्यांनी रामन यांच्याकडे विचारणा केली असता रामन यांनी आपल्या या शिष्याचे नाव सुचविले. अशा रीतीने १९५२ मध्ये, वयाच्या जेमतेम तिसाव्या वर्षी, रामचंद्रन प्राध्यापक आणि विभागप्रमुख म्हणून मद्रासला आले. गिंडी परिसरात त्यांनी क्ष-किरण स्फटिकशास्त्राची प्रयोगशाळा उभारण्यास प्रारंभ केला.

त्याच सुमारास ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला येऊन गेले. कोलॅजेन या प्रथिनाची रचना अद्याप उलगडलेली नाही आणि आतापर्यंत सुचविलेल्या रचना समाधानकारक नाहीत, हे त्यांच्याशी झालेल्या चर्चेतून पुढे आले. तरुण प्राध्यापकाला नव्या प्रयोगशाळेसाठी विषय मिळाला.

कोलॅजेन हे सस्तन प्राण्यांच्या शरीरात सर्वाधिक प्रमाणात आढळणारे प्रथिन होय. त्वचा, हाडे, कास्थी आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा यांना बळकटी येते ती त्याच्यामुळे. कातडे कमावले जाते तेव्हा प्रत्यक्षात प्रक्रिया होते ती कोलॅजेनवरच. म्हणूनच मद्रासमध्ये या विषयाला अनुकूल वातावरण होते. अड्यार येथे, गिंडीपासून जवळच, १९४८ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती आणि कोलॅजेन हा तिच्याही अभ्यासाचा विषय होता. तेथून रामचंद्रन यांना नमुने आणि साहाय्य दोन्ही मिळाले. कांगारूच्या शेपटीतील कंडरांमधून मिळणाऱ्या कोलॅजेनची क्ष-किरण चित्रे विशेष स्पष्ट येत, त्यामुळे त्यांचाही उपयोग करण्यात आला.

तिपेडी पीळ

रामचंद्रन यांचे या कामातील सहकारी होते गोपीनाथ कर्था. क्ष-किरण चित्रांत दिसणारे काही ठिपके आणि कोलॅजेनच्या रासायनिक पृथक्करणातून मिळालेली माहिती, एवढ्या सामग्रीवर दोघांना रचना शोधावयाची होती. त्या माहितीतील एक आकडा त्यांना महत्त्वाचा वाटला. कोलॅजेनमधील अमिनो आम्लांपैकी सुमारे एक-तृतीयांश आम्ले एकाच प्रकारची, म्हणजे ग्लायसिन, असतात. ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल. त्याच्या बाजूच्या शाखेत केवळ एक हायड्रोजन अणू असतो.

साखळीत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन आहे असे मानले, तर तीन साखळ्या एकमेकींच्या अगदी निकट आणून एकत्र गुंफता येतात. प्रत्येक तिसरा घटक गुंफणीच्या आतल्या बाजूस येतो. तेथे इतकी कमी जागा असते की, ग्लायसिनखेरीज दुसरे कोणतेही अमिनो आम्ल मावू शकत नाही. या तर्कावर आधारलेली तीन साखळ्यांची रचना रामचंद्रन आणि कर्था यांनी ऑगस्ट १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडली. क्ष-किरण चित्रांशी ती पूर्णपणे जुळत नव्हती. पुढील वर्षी, सप्टेंबर १९५५ मध्ये, त्यांनी तिच्यात महत्त्वाची सुधारणा केली. तीनही साखळ्या स्वतःभोवती डावीकडे पीळ घेतात आणि मग तिन्ही मिळून एका समान अक्षाभोवती उजवीकडे पीळ घेतात, असे त्यांनी दाखविले.

दोरखंड वळताना हीच युक्ती वापरली जाते. प्रत्येक पेड एका दिशेने पिळलेला असतो आणि पेड एकत्र वळताना पीळ विरुद्ध दिशेने दिला जातो. त्यामुळे दोर उलगडत नाही आणि ताण सहन करतो. कोलॅजेनच्या अंगी असलेल्या चिवटपणाचे रहस्य या तिहेरी सर्पिलात होते.

या रचनेला वैद्यकीय अर्थही होता. कोलॅजेनमध्ये प्रोलिन आणि हायड्रॉक्सिप्रोलिन ही अमिनो आम्लेही मोठ्या प्रमाणात असतात आणि शरीरात हायड्रॉक्सिप्रोलिन तयार होण्यासाठी क जीवनसत्त्वाची गरज असते. ते न मिळाल्यास तिहेरी पीळ स्थिर राहत नाही. स्कर्व्ही या रोगात हिरड्यांतून रक्त येते आणि जखमा भरत नाहीत, त्याचे मूळ येथे आहे. हाडे वारंवार मोडण्याच्या एका आनुवंशिक विकारात अनेकदा नेमक्या ग्लायसिनच्या जागी दुसरे, आकाराने मोठे अमिनो आम्ल आलेले आढळते. त्यामुळे पीळ त्या ठिकाणी बिघडतो आणि सबंध हाड ठिसूळ होते.

आक्षेप

मद्रासच्या या शोधनिबंधानंतर दोन महिन्यांच्या आतच अलेक्झांडर रिच आणि फ्रान्सिस क्रिक यांनी ‘नेचर’मध्ये कोलॅजेनच्या रचनेवर आपला निबंध प्रसिद्ध केला. क्रिक यांनी जेम्स वॉटसन यांच्यासह डीएनएचे दुहेरी सर्पिल उलगडल्याला तेव्हा अवघी अडीच वर्षे झाली होती. तीन साखळ्यांचा पिळलेला दोर ही मूळ कल्पना रिच आणि क्रिक यांच्या प्रतिकृतीतही होती. मतभेद तपशिलाचा होता, परंतु तो किरकोळ नव्हता. मद्रासच्या रचनेत दर तीन अमिनो आम्लांमागे साखळ्यांना जोडणारे दोन हायड्रोजन बंध होते. हे दोन बंध जुळविण्यासाठी काही अणूंना एकमेकांच्या इतके जवळ आणावे लागले आहे की, निसर्गात तसे घडणे शक्य नाही, असा रिच आणि क्रिक यांचा आक्षेप होता. त्यांच्या स्वतःच्या प्रतिकृतीत एकच बंध होता.

टीका करणाऱ्यांची प्रतिष्ठा मोठी होती आणि मद्रासचा विभाग सुरू होऊन तीनच वर्षे झाली होती. पुढे अनेक ठिकाणी कोलॅजेनच्या रचनेचे श्रेय केंब्रिज आणि लंडनच्या गटांच्या नावे लिहिले जाऊ लागले. रामचंद्रन यांना आपली दोन बंधांची कल्पना सोडवत नव्हती. पण ती खरी की खोटी हे ठरविण्यासाठी आधी एक मोजपट्टी हवी होती. एकमेकांना थेट न जोडलेले दोन अणू किती अंतरापर्यंत जवळ येऊ शकतात, याबाबत शास्त्रज्ञांमध्ये तेव्हा एकवाक्यता नव्हती. जो तो आपल्या अंदाजाने मर्यादा धरून चालत होता.

व्ही. शशिशेखरन आणि सी. रामकृष्णन या आपल्या दोन विद्यार्थ्यांसह रामचंद्रन यांनी ही मोजपट्टी तयार करण्याचे काम हाती घेतले. अमिनो आम्ले आणि लहान पेप्टाइडे यांच्या ज्या स्फटिकांची रचना तोवर प्रसिद्ध झाली होती, त्या साऱ्यांमधील अणू-अणूंतील अंतरे त्यांनी गोळा केली. त्यावरून अणूंच्या प्रत्येक जोडीसाठी दोन मर्यादा निश्चित करण्यात आल्या : सामान्यतः आढळणारे किमान अंतर आणि अपवादाने चालू शकेल असे टोकाचे अंतर. न जोडलेल्या दोन कार्बन अणूंसाठी हे आकडे ३.२ आणि ३ आंग्स्ट्रॉम असे आले. एका सेंटिमीटरमध्ये दहा कोटी आंग्स्ट्रॉम मावतात, हे लक्षात घेतले म्हणजे या मोजणीची सूक्ष्मता ध्यानी येते.

दोन कोनांचा आलेख

प्रथिनाच्या साखळीत लागोपाठच्या दोन अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध जवळजवळ सपाट आणि ताठ असतो, हे पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच दाखविले होते. म्हणजे साखळी ही कोपऱ्याला कोपरा जोडलेल्या पत्त्यांच्या रांगेसारखी मानता येते. पत्ता स्वतः वाकत नाही. वळण घेता येते ते केवळ जोडाच्या ठिकाणी. प्रत्येक जोडावर एक कार्बन अणू असतो आणि त्याच्या दोन बाजूंच्या बंधांभोवती साखळी फिरू शकते. या दोन फिरकींचे कोन आज ‘फाय’ आणि ‘साय’ या ग्रीक अक्षरांनी ओळखले जातात. साखळीतील प्रत्येक जोडाचे हे दोन कोन माहीत झाले की, तिच्या कण्याचा आकार निश्चित होतो.

हजारो अणूंच्या गुंतागुंतीची ही दोन कोनांत केलेली मांडणी हे मद्रासच्या गटाचे मोठे यश होते. एका चौकोनी आलेखात आडव्या अक्षावर एक कोन आणि उभ्या अक्षावर दुसरा कोन घ्यावयाचा. दोन्ही उणे १८० अंशांपासून अधिक १८० अंशांपर्यंत. चौकोनातील प्रत्येक बिंदू म्हणजे जोडाची एक संभाव्य स्थिती. त्या स्थितीत सर्व अणूंची परस्परांपासूनची अंतरे काढावयाची आणि कोणतीही जोडी मर्यादेच्या आत येत असेल, तर तो बिंदू खोडावयाचा. हे हिशेब मेजावरच्या साध्या गणनयंत्रावर, एकेका कोनासाठी पुन्हा पुन्हा करावे लागले.

हिशेब पुरे झाले तेव्हा चौकोनाचा बहुतेक भाग, सुमारे तीन-चतुर्थांश, खोडला गेला होता. उरली ती मोजकी बेटे. माणसाचे कोपर एका बाजूस सहज वाकते आणि दुसऱ्या बाजूस मुळीच वाकत नाही. प्रथिनाच्या साखळीलाही अशाच मर्यादा असल्याचे या आलेखाने दाखविले. पॉलिंग यांनी १९५१ मध्ये सुचविलेले अल्फा सर्पिल एका बेटावर येत होते, बीटा पत्रांच्या रचना दुसऱ्या मोठ्या बेटावर येत होत्या आणि कोलॅजेनच्या साखळीचे स्थानही याच दुसऱ्या बेटावर होते. ग्लायसिनला बाजूची मोठी शाखा नसल्याने त्याला इतरांपेक्षा कितीतरी अधिक जागा मोकळी होती. प्रोलिनच्या वाट्याला मात्र फारच थोडी मोकळीक आली होती.

हा निबंध १९६३ मध्ये ‘जर्नल ऑफ मॉलिक्युलर बायॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याची लांबी पाच पानांची होती. त्या काळात सविस्तर रचना ठाऊक असलेली प्रथिने जवळपास नव्हतीच. मायोग्लोबिन आणि हिमोग्लोबिन यांवरील कामासाठी जॉन केंड्र्यू आणि मॅक्स पेरुट्झ यांना आदल्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळाले होते. मद्रासचा आलेख त्यामुळे पुष्कळसा भाकितासारखा होता. नंतरच्या दशकांत एकामागून एक प्रथिनांच्या रचना उलगडत गेल्या आणि त्यांचे बिंदू त्या बेटांवर पडत गेले.

कोलॅजेनच्या वादाचाही निकाल पुढे लागला. दोनपैकी एका बंधाविषयी रिच आणि क्रिक यांचा आक्षेप योग्य होता. दोन थेट बंध शक्य नव्हते. रामचंद्रन यांनी १९६८ मध्ये आर. चंद्रशेखरन यांच्यासह नवी सूचना केली : दुसरा दुवा पाण्याच्या रेणूमार्फत साधला जात असावा. कोलॅजेनसारख्या पेप्टाइडाच्या स्फटिकाची सुस्पष्ट रचना अमेरिकेतील संशोधकांनी १९९४ मध्ये मिळविली. तीत साखळ्यांना जोडणारा एक थेट हायड्रोजन बंध दिसला, आणि साखळ्यांना सांधणारे पाण्याचे रेणूही दिसले.

बंगळूर आणि प्रतिमांचे गणित

साठच्या दशकात मद्रासचा विभाग जैवभौतिकीच्या जागतिक केंद्रांपैकी एक म्हणून ओळखला जाऊ लागला. विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याला प्रगत अध्ययन केंद्राचा दर्जा दिला. १९६३ आणि १९६७ मध्ये तेथे प्रथिनांच्या रचनेवर आंतरराष्ट्रीय परिसंवाद झाले. रामचंद्रन यांना १९६१ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. कर्था पुढे अमेरिकेत गेले आणि रायबोन्यूक्लिएज या विकराची रचना १९६७ मध्ये उलगडणाऱ्या गटात त्यांचा समावेश होता. याच विकरावर ख्रिश्चन अॅन्फिन्सेन यांनी प्रयोग केले होते. साखळी पूर्णपणे उलगडली तरी अनुकूल स्थितीत ती आपली आपण पुन्हा योग्य घडीत येते, असे त्यांना आढळले. आकाराची सारी माहिती अमिनो आम्लांच्या क्रमातच असते, या निष्कर्षासाठी अॅन्फिन्सेन १९७२ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

मुदलियार १९६९ मध्ये कुलगुरुपदावरून निवृत्त झाले. त्यानंतर थोड्याच काळात रामचंद्रन यांनी मद्रास सोडले. सतीश धवन त्या वेळी भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक होते. त्यांच्या निमंत्रणावरून रामचंद्रन बंगळूरला गेले आणि १९७१ मध्ये त्यांनी तेथे रेण्वीय जैवभौतिकी विभाग सुरू केला. शशिशेखरन आणि रामकृष्णन हेही तेथे त्यांच्याबरोबर होते. याच काळात अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाशीही त्यांचा प्राध्यापक म्हणून संबंध होता.

त्याच वर्षी, १९७१ मध्ये, ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह त्यांनी एक वेगळाच निबंध प्रसिद्ध केला. एखाद्या वस्तूची अनेक बाजूंनी घेतलेली सपाट क्ष-किरण चित्रे एकत्र करून तिचे अंतरंग कसे उभे करावे, हा त्याचा विषय. त्यासाठी तोवर वापरली जाणारी फूरिए रूपांतराची पद्धत फार आकडेमोडीची होती. रामचंद्रन आणि लक्ष्मीनारायणन यांनी तेच काम कमी वेळात आणि अधिक अचूकपणे करणारी गणिती रीत दिली. लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने रुग्णाच्या मेंदूचे पहिले चित्र घेतले तेही १९७१ मध्येच. सीटी स्कॅनच्या गणितात आजही शिकविली जाणारी एक मूलभूत गाळणी या दोघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून ‘राम-लॅक’ या नावाने ओळखली जाते. सीटी स्कॅनसाठी १९७९ चे नोबेल पारितोषिक हाउन्सफील्ड आणि अॅलन कॉर्मॅक यांना मिळाले. रामचंद्रन यांना ते कधीच मिळाले नाही.

लंडनच्या रॉयल सोसायटीने १९७७ मध्ये त्यांना आपले सदस्यत्व दिले. उत्तरायुष्यात त्यांनी भारतीय तर्कशास्त्राकडे लक्ष वळविले आणि जैन दर्शनातील स्याद्वादाची सूत्रे आधुनिक गणिताच्या भाषेत मांडण्याचा प्रयत्न केला. मात्र प्रकृतीने त्यांना पुरेशी साथ दिली नाही. नैराश्याचे तीव्र झटके त्यांना आयुष्यात अनेकदा सोसावे लागले आणि पुढे कंपवातानेही गाठले. पत्नी राजलक्ष्मी १९४५ पासून त्यांच्या सोबत होत्या. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघाने १९९९ मध्ये त्यांना इवाल्ड पारितोषिक देऊन गौरविले. ७ एप्रिल २००१ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, चेन्नईत त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र रमेश नारायण हे हार्वर्ड विद्यापीठातील ख्यातनाम खगोलभौतिकशास्त्रज्ञ आहेत.

आलेखाचे आजचे स्थान

साखळीची घडी नेमकी कशी पडेल, हा संपूर्ण प्रश्न रामचंद्रन आलेखाने सुटला नाही. शंभर अमिनो आम्लांच्या लहानशा प्रथिनात प्रत्येक जोडाला तीनच पर्याय आहेत असे मानले, तरी एकूण आकारांची संख्या ४८ अंकी होते. यांतून निसर्ग एकच आकार, तोही अनेकदा क्षणार्धात, कसा निवडतो याचा शोध पुढे अनेक दशके चालू राहिला. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने या शोधाला वेग दिला. ‘अल्फाफोल्ड’ या संगणकप्रणालीने २० कोटींहून अधिक प्रथिनांच्या संभाव्य रचना वर्तविल्या आहेत. या कामासाठी डेमिस हॅसाबिस आणि जॉन जम्पर यांना, तर नवी प्रथिने संगणकावर घडविण्यासाठी डेव्हिड बेकर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

अशी प्रणाली ज्या माहितीवर शिकली, ती माहिती म्हणजे प्रयोगशाळांनी अर्धशतकाहून अधिक काळ जमविलेल्या प्रथिनांच्या रचना. त्या रचनांचा खरेखोटेपणा पडताळण्याच्या मान्य कसोट्यांत रामचंद्रन आलेख अग्रस्थानी आहे. नवी रचना जागतिक प्रथिन कोशात दाखल होताना तिचे किती बिंदू अनुमत बेटांवर आहेत आणि किती बाहेर, हे तपासले जाते. बरेच बिंदू बाहेर पडले, तर संशोधकाला आपली रचना पुन्हा पाहावी लागते. नवे औषध प्रथिनाच्या कोणत्या खाचेत बसेल याचा अंदाज अशा रचनांवरूनच बांधला जात असल्याने ही तपासणी केवळ कागदी राहत नाही. चुकीच्या रचनेमागे लागून वर्षांचे श्रम वाया जाऊ शकतात.

गिंडी परिसरात रामचंद्रन यांनी स्थापन केलेला विभाग स्फटिकशास्त्र आणि जैवभौतिकी यांचे प्रगत अध्ययन केंद्र म्हणून कार्यरत आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जैवविज्ञानातील कामगिरीसाठी त्यांच्या नावाचे सुवर्णपदक सुरू केले. अड्यारच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने, जेथील कोलॅजेनच्या नमुन्यांपासून या साऱ्याला प्रारंभ झाला, आपल्या सभागृहाला ‘ट्रिपल हेलिक्स’ असे नाव दिले आहे.